विसाव्यावरचे डबे

दिग्या,

प्रयोग उत्तम झाला. तू मुख्य भूमिकेत असल्यामुळे तुला तो बघता आला नाही, एवढीच काय ती उणीव. गर्दी चांगली जमली, हुंदके वेळेवर आले, आणि तू आयुष्यात पहिल्यांदा कुणाचंही वाक्य मध्येच न तोडता पडून राहिलास. तुझ्या बहिणीने सगळं रडणं पुण्याहून येताना गाडीतच संपवून टाकलं होतं. ऐन वेळी तिच्याकडे काही उरलंच नाही, मग ती कुणाच्या चपला कुठे आहेत ते बघत बसली. शेजारच्या काकू तुझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती शांत दिसतायत नाही!" मी म्हटलं, "शांत कसला काकू, मुद्दा शोधतोय." खरं सांगतो, तुझ्या ओठांचा कोपरा तसाच वर गेलेला होता, समोरच्याच्या बोलण्यात भोक सापडल्यावर जायचा तसा.

माझा धंदाच हा, तुला माहीत आहे. लग्नं, निवृत्तीचे समारंभ, आणि आपल्या वयाची माणसं पडायला लागल्यापासून जास्त करून शोकसभा. अंबरनाथ पश्चिमेला कुणी गेलं की आधी डॉक्टर, मग गुरुजी, मग हॉल आणि मग सुधाकर निवेदक. कुणालाही बसतील अशी वाक्यं माझ्याकडे तयार असतात. 'हसतमुख व्यक्तिमत्त्व.' 'कधी कुणाला दुखावलं नाही.' 'न भरून येणारी पोकळी.' तुझ्यासाठी एकही चालेना. हसतमुख तू नव्हतास. तू दुखावलं नाहीस असा माणूस शोधायला मला कर्जतच्या पुढे जावं लागलं असतं. आणि पोकळी तर तू जिवंतपणीच करून ठेवली होतीस, चांगली ग्रॅनाइट बसवून, त्या काचेच्या इमारतीसमोर.

म्हणून हॉलमध्ये मी काही बोललो नाही. इथे बोलतो. इथे तुला मध्येच तोडता येत नाही.

बदलापूरच्या रस्त्याला भाताची खाचरं संपून गोदामं सुरू होतात, तिथे तू आर्किटेक्ट म्हणून शेठसाठी ऑफिसांची ती काचेची पेटी उभी केलीस. शेठ उल्हासनगरचा सिंधी. कापडाच्या दुकानातून वर आलेला, गोड बोलणारा, दिल्या शब्दाला पक्का. त्याला रस्त्याला चिकटून इमारत हवी होती, पुढे भिंत, भिंतीला गेट आणि गेटवर वडिलांचं नाव. आपल्या भागात माणसाने जमीन घेतली की तो आधी भिंत घालतो. घर पुढे कधीतरी, जमलं तर. तू शेठला समजावलंस की पुढची जागा लोकांसाठी मोकळी सोडली, भिंत-गेट काही घातलं नाही, तर पालिका वर जादा मजले बांधू देईल. शेठला मजले दिसले. तुला मोकळी जागा दिसली. दोघांनी हात मिळवले आणि दोघांनाही वाटलं, समोरच्याला बनवलं.

तू मला पहिल्यांदा तिथे नेलंस तो दिवस आठवतो. भर उन्हात मध्यभागी नेऊन उभा केलास.

"सुध्या, आत कधी आलास, कळलं?"

"नाही."

"बस! हेच हवं होतं. रस्ता कुठे संपला, जागा कुठे सुरू झाली, कळता कामा नये. इथे येणाऱ्याने कुणाला विचारायचं नाही आणि त्यालाही कुणी विचारायचं नाही."

"विचारायला येतंय कोण? येईल तो भाजून मरेल. दिग्या, हा चौक नाही, तवा आहे."

तुझा चेहरा असा पडला की मला गार लस्सी प्यायल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून मी त्या जागेला 'तवा' हेच नाव ठेवलं. आणि माझं खोटं नव्हतं. लोक त्या चकचकीत फरशीला घाबरायचे. तू एवढं सगळं मोकळं सोडलंस आणि माणसं कडेकडेने, अंग चोरून जायची, आत्ता कुणीतरी ओरडेल अशी. एक पेरूवाली तर चपला काढून हातात घ्यायची, तवा ओलांडायची आणि पलीकडे गेल्यावर परत घालायची. तुला ते बघवायचं नाही. तू धावत जाऊन म्हणायचास, "मावशी, चपला घाला, पाय भाजतील." ती म्हणायची, "राहू दे दादा, देवाची जागा आहे का कुणाची काय माहीत." वॉचमनला तू ताकीद दिली होतीस की कुणालाही 'क्या काम है' विचारायचं नाही. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. बिचारा काय करणार, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायला लागला. त्याने लोक आणखी घाबरले.

हे सगळं मी चवीने सांगायचो. तुझ्यासमोर सांगायचो. तू ओठ दाबून ऐकायचास.

पण माझा हुकमी किस्सा दुसराच होता. विसाव्याचा.

त्या जागेच्या कोपऱ्यात शिरीषाच्या झाडाखाली मागच्या गावाचा विसावा होता. घर आणि स्मशान यांच्या मधली जागा. तिथे तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी पुढचे मागे आणि मागचे पुढे होतात, मयताची दिशा फिरते. पुढे त्याने घराकडे बघायचं नाही, असं मानतात. दगडांचा साधा ओटा होता. शेठला वाटलं, कपडे धुवायची जागा. तो ओटा फुटणारच होता, पण बाळारामदादा तुला येऊन भेटला. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, अंगाने काडी आणि जीभ कोयत्यासारखी. "साहेब," तो म्हणाला, "तुमचा म्हाल कसलाबी बांधा. आमच्या मेल्याला तेवढा टेकू द्या."

तू शब्द दिलास. ओटा फोडला नाहीस. त्याच्यावर तव्याचाच काळा दगड चढवलास, कडा गोल केल्यास, झाडाला धक्का लावला नाहीस. शेठला सांगितलंस, बसायची जागा आहे. शेठ म्हणाला, "एकदम फॉरेन वाटतो."

आणि मग इमारतीत ऑफिसं भरली. विम्याचं आलं, हिशेबाचं आलं, दिवसभर फोनवर बोलणाऱ्यांचं आलं. जेवणाच्या सुट्टीत पोरंपोरी डबे घेऊन खाली उतरली. सावली एकाच झाडाची. टेकायला बरोबर उंचीची जागा एकच. बसली ना सगळी जाऊन विसाव्यावर!

काय किस्सा होता, दिग्या! मी तो हळदीच्या मांडवात सांगितला, निवृत्तीच्या पार्टीत सांगितला, एकदा तर शोकसभेनंतर चहाला सांगितला आणि मयताचा सख्खा भाऊ हसला. उभा राहून, हात पसरून सांगायचो, "मंडळी, आमच्या मित्राने लोकांसाठी अशी जागा केली, अशी जागा केली, की जिथे मढ्याचे पाय तिथे चटणी आणि जिथे डोकं तिथे दहीभात! वाढदिवसाचा केक कापतात हो तिथे! लग्न ठरल्याचे पेढे वाटतात! आणि गंमत म्हणजे त्या बिचाऱ्यांना काही माहीतच नाही!" या शेवटच्या वाक्याला हमखास टाळी.

या वाक्यावरूनच आपलं खरं भांडण होतं. मी म्हणायचो, "तुझी ती जागा लोकांची वगैरे काही नाही. लोकांना ती काय आहे ते ठाऊक नाही म्हणून ते बसतात. एकदा सांगून बघ, घासासकट पळतील." तू म्हणायचास, "माणसं इतकी घाबरट नसतात." मी म्हणायचो, "मग सांग ना!" यावर तू गप्प. दर वेळी गप्प. मी दर वेळी जिंकलो. तुला गप्प करणं हा माझ्या आयुष्यातला फार मोठा आनंद होता, आणि तो तू मला पुरवत राहिलास.

गावातलं कुणी गेलं तर अंत्ययात्रा बहुतेक सकाळी लवकर निघायची, ऑफिसं उघडायच्या आत. शेठलाही बरीच वर्षं काही कळलं नाही. मग एका रविवारी तो वरच्या मजल्यासाठी मुंबईचं एक भाडेकरू गिऱ्हाईक घेऊन आला. गाडीतून उतरतो तर दारात तिरडी, मडकं धरलेला मुलगा, टोप्या घातलेली माणसं. गिऱ्हाईकाने विचारलं, "ये क्या है?" शेठ म्हणाला, "कुछ नहीं, लोकल फंक्शन है." गिऱ्हाईक परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठने तुला बोलावलं. मी सोबत होतो, अशी संधी मी सोडतो होय.

"दिगंबरजी, तुम्ही मला सोफा सांगितला, आणि अर्थीचा टेबल दिला?"

"शेठ, ती जागा त्यांची आधीपासून होती."

"होती ना! मी कुठे नाय बोलतो? पण आता पालिकेची गाडी आहे. खांद्यावर कोण आणतो? तो रविवारवाला शेवटचा. साईं, मी इथे गेट लावणार."

"पालिकेला काय सांगाल?"

"सेफ्टी."

तू भांडलास. जादा मजल्यांची आठवण दिलीस, तक्रार करीन म्हणालास, टेबलावर हात आपटलास. शेठ शांतपणे तुझ्यापुढे शेवेची वाटी सरकवत राहिला. शेवटी म्हणाला, "तुम्ही बोलता रिवाज आहे. मी बोलतो मरून गेला. चला, दिवाळीपर्यंत बघू. एक जरी आला खांद्यावरून, गेट नाय लावणार. माझा शब्द. नाय आला तर तुम्ही गप्प बसायचं."

आणि तू, मूर्खा, हात मिळवलास.

ते महिने मी विसरणार नाही. एरवी मुंगी पायाखाली आली तर पाऊल उचलणारा तू, रोज सकाळी मला फोन करायचास, "काही कळलं?" गावात काही म्हणजे काही नाही. सगळं गाव ठणठणीत. तापाची साथ आली आणि सगळ्यांना जरा घाम आणून निघून गेली. एक म्हातारी विहिरीजवळ पडली. नुसता पाय मुरगळला. तू फोनवर सुस्कारा टाकलास, आणि तो कसला सुस्कारा होता ते आपल्या दोघांनाही कळलं.

मग बाळारामदादाला न्यूमोनिया झाला.

आपण सफरचंदं घेऊन गेलो. तू वाटेत म्हणालास, "मी फक्त बघायला चाललोय." मी म्हटलं, "हो हो, मीही." म्हातारा खाटेवर, छातीचा भाता वरखाली होतोय. डोळे मात्र टक्क उघडे.

"काय आन्लं, साहेब?"

"सफरचंदं आणलीत, दादा."

"आनि मोजायला टेप नाय आन्ली?"

तू कसंनुसं हसलास. म्हातारा कोपरावर उठला. "माज्यावर डोला ठेवून हायस व्हय रं? दिवाली कवा हाय यंदा?"

"दादा, असं काय बोलता! तुम्ही शंभर वर्षं जगा."

"बग, परत बोल. मनापासून बोल."

दिग्या, तुला बोलता येईना! मी हसू आवरेना म्हणून अंगणात गेलो आणि त्यांच्या कोंबड्यांपुढे हसलो. आतून म्हाताऱ्याचा आवाज येत होता, "माजी जागा राखायला माजाच जीव पायजे. भारी हिशेब हाय तुमचा शिकलेल्यांचा." परत येताना शिवमंदिर लागलं. तिथे गाडी थांबवलीस आणि म्हणालास, "सुध्या, आपण गिधाडं झालोय." मी म्हटलं, "तू झालायस. मी प्रेक्षक आहे."

तुझे माझ्याशी झालेले शेवटचे शब्द मी शोकसभेत सांगू शकलो नसतो. लोक शेवटच्या शब्दांत देव शोधतात, मुलाबाळांची काळजी शोधतात. तू फोन केलास आणि अगदी मेलेल्या आवाजात म्हणालास, "म्हातारा उठून बसलाय रे. मटण मागतोय."

दुसऱ्या दिवशी जेवून आडवा झालास. नीलावहिनी चहा घेऊन आली तेव्हा तू नव्हतास.

बातमी कळल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, ओळख. 'दिवाळीच्या आत.' त्यानंतर मी खाली बसलो आणि बराच वेळ उठू शकलो नाही, पण तो भाग रंगवून सांगण्यासारखा नाही.

सकाळी तुमच्या बिल्डिंगखाली मोटरसायकल थांबली. मागच्या सीटवरून बाळारामदादा उतरला, कानाला मफलर, अजून खोकत. तुझ्याकडे बराच वेळ बघून वहिनीला म्हणाला, "बाय, माजा लंबर व्हता. यानं मधीच घुसवला. आता आमच्या वाटंनं न्या त्याला." तुमच्या बिल्डिंगमधले लोक एकमेकांकडे बघायला लागले. पश्चिमेचं स्मशान सोडून इतक्या लांब कशाला? मी समजावून सांगायला पुढे झालो, तर वहिनी म्हणाली, "भावजी, मला माहीत आहे. झोपेतसुद्धा तेच बडबडायचा. न्या."

गाडीने तुला गावाच्या वळणापर्यंत आणलं, तिथून खांद्यावर. तू जड होतास, हे मुद्दाम नोंदवतो. तव्यावर आलो तेव्हा ऑफिसं सुरू झाली होती, प्रत्येक मजल्यावर काचेमागे माणसं दिसत होती. वॉचमनने सलाम ठोकला, या वेळी तो शोभला. शेठ बूट काढून, अनवाणी आला आणि खांदा दिला. तुला विसाव्यावर टेकवलं. मी डोक्याकडे होतो तो पायाकडे गेलो, गावातला एक जण पायाकडचा डोक्याकडे आला. शिरीषाची पानं तुझ्यावर पडत होती आणि तुझ्या ओठांचा कोपरा अजून वर होता. शेठ रडत होता, खरं रडत होता. तिथल्या तिथे म्हणाला, "साईं, शब्द म्हणजे शब्द. गेट कॅन्सल."

जिंकलास तू. मरून जिंकलास म्हणजे रडी खेळलास, पण जिंकलास.

तुला वाटलं असेल, संपलं. मलाही वाटलं. पण आपण दोघांनी शेठच्या प्रेमाचा हिशेब धरला नव्हता.

तेराव्यानंतर तो घरी आला, मिठाई न आणता, हे त्याच्यासाठी विशेष. म्हणाला, "भाभी, माझा दिगंबर जिथे शेवटचा झोपला, तिथे कोणी डबा खाणार? मी बघू नाय शकत. मी तिथे पितळेची साखळी लावतो, चारी बाजूने. मध्ये त्याचा पुतळा. वर काचेचं छत. कोणी पाय नाय लावणार." गेट नाही. त्याने शब्द तंतोतंत पाळला होता. आणि वहिनी म्हणाली, "हो. साखळी घाला."

मी उडालोच. "वहिनी, अहो, तो ज्यासाठी भांडला—"

"भावजी, त्या जागेवरून तुम्ही आयुष्यभर त्याला हसलात. आता त्याच्या वतीने भांडू नका. मला बसायला एक जागा हवी आहे. घरात सगळीकडे तो आहे, तिथे निदान गेलेला आहे."

शेठला तू शब्दात पकडलं असतंस, पालिकेला नियमात. हिला? जी जागा कुणा एकाची नसावी म्हणून तू मेलास, ती तुझ्याच बायकोला एकटीला हवी होती, आणि तिच्यापेक्षा मोठा हक्क कुणाचा होता? मी तुझी फजिती बघून खूश व्हायचो, पण ही मला बघवेना. वर शेठ म्हणाला, "अनावरणाचं निवेदन सुधाकरजी करणार." म्हणजे तुझ्या चौकाला साखळी घालताना 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' म्हणायला मीच.

परवा साखळीची मापं घ्यायला सगळे जमलो. मी, शेठ, वहिनी, टेप घेतलेला कारागीर आणि नातवाच्या मोटरसायकलवरून आलेला बाळारामदादा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. दुपारची सुट्टी झाली होती. बाजूला ऑफिसच्या मुली डबे छातीशी धरून उभ्या होत्या, आम्ही कधी आटपतो याची वाट बघत.

शेठने कुठे साखळी, कुठे पुतळा ते दाखवलं. बाळारामदादाने सगळं ऐकून घेतलं. मग वहिनीला विचारलं, "बाय, मंग मना कुठं टेकवतील?"

वहिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पालिकेची गाडी आहे की, दादा."

म्हातारा गप्प झाला. त्याला गप्प झालेला मी कधी पाहिला नव्हता, न्यूमोनियातसुद्धा नाही. मला वाटलं, आता झालं.

कारागीर टेप लावायला वाकला. मुली मागे सरकल्या. वहिनीने त्यातल्या पुढच्या मुलीला विचारलं, "काय गं, तू रोज इथेच जेवतेस?"

"हो आंटी. म्हणजे, सॉरी... आज आम्ही वर जातो. सरांचं कळलं आम्हाला."

"ही जागा काय आहे ते माहीत आहे तुला?"

मी डोळे मिटले. हाच तो क्षण, माझ्या किश्शाचा शेवट. आता हिच्या तोंडून किंचाळी निघणार.

"हो, माहीत आहे ना," ती मुलगी म्हणाली. "सरांनीच सांगितलं. आम्ही नवीन जॉइन झालो तेव्हाच. बाजूला येऊन बसले, माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं, आणि बोलले, इथे गावातले लोक बॉडी ठेवतात. कोणी आलं की उठायचं, हात जोडायचे, गेले की परत बसायचं. नवीन कोणी आलं की सर त्याला पण सांगायचे. दोघं-तिघं कँटीनला गेले. बाकी सगळे बसलो."

"भीती नाही वाटली?"

"पहिल्या दिवशी वाटली. मग भूक लागते ना, आंटी."

दिग्या. हरामखोरा.

सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या टाळीच्या वाक्यावर तू ओठ दाबून बसायचास तेव्हा त्यांच्या कोपऱ्यात हे होतं तर! एवढी वर्षं तू मला खोटा किस्सा सांगू दिलास. मांडवात, पार्टीत, शोकसभेत. एका वाक्यात मला आडवा पाडता आला असता आणि तू, समोरच्याला कधी वाक्य पुरं करू न देणारा तू, मला ते वाक्य पुरं करू देत राहिलास, कारण मला टाळी मिळायची. मी जिंकतोय असं मला वाटू देणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. हे तुला कधी म्हणालो नाही, कारण हे असं आहे हे मला परवा दुपारी कळलं, आणि तोवर तू नदीत सोडला गेला होतास.

वहिनी त्या मुलीकडे बघत होती. "त्याला इथे आणलं त्या दिवशी..."

"आम्ही वर काचेतून बघितलं. उभे होतो, आंटी. सगळे."

वहिनी कारागिराला म्हणाली, "टेप उचला."

"भाभी?" शेठ म्हणाला.

"साखळी नको, शेठजी."

"ठीक आहे, साखळी नाय लावत. पण पुतळा तरी—"

"तोही नको. त्याचं तोंड समोर असलं तर या मुलींना घास जाणार नाही."

शेठने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. म्हातारा तेवढ्यात पुढे सरकला. "मंग माजी जागा पक्की का, बाय?"

"दादा, तुम्ही आधी मरा तर खरं!"

म्हातारा असा हसला, असा हसला की खोकल्याची ढास लागली आणि नातवाला त्याची पाठ चोळावी लागली. क्षणभर मला वाटलं, आत्ताच जागा वापरात येते की काय. पण सावरला. चिवट आहे.

"जेव गं," वहिनी त्या मुलीला म्हणाली. "सुट्टी संपेल तुमची."

मुली एकमेकींकडे बघत पुढे आल्या. ती पहिली जरा बिचकत बसली, मग सरकून वहिनीला जागा केली. वहिनी बसली. तुझं डोकं होतं बरोबर त्या जागी मुलीने डबा ठेवला, झाकण काढलं आणि वहिनीपुढे सरकवला.

भेंडीची भाजी होती, दिग्या. तुझ्या नावडीची. दोघींनी मिळून संपवली.